अदृश्य फाइलीची नोंद

आमच्या कार्यालयात परवा झालेल्या कोड-ऑडिटमध्ये माझ्या सी प्रोग्रॅमवर लाल शाईचा शेरा पडला : ‘फाइल तयार केल्याचा पुरावा उपलब्ध नाही.’ मधली आकडेमोड उतरवायला लागणारी तात्पुरती फाइल मी एमकेएसटेम्प या फंक्शनने उघडली होती आणि युनिक्स प्रणालीतल्या जुन्या वहिवाटीप्रमाणे पुढच्याच ओळीत अनलिंक केली, म्हणजे यादीतून पुसली होती.

“फाइल केलीत आणि लगेच पुसलीत? मग लिहिता कशावर?” ऑडिटरसाहेबांनी विचारले.

“डिरेक्टरीतले फक्त नाव पुसले, साहेब. डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रोग्रॅमच्या हातातला फाइलचा दुवा, उघडा आहे तोवर डिस्कवरची जागा आपलीच असते, आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी मागे कचरा उरत नाही.”

“म्हणजे फाइल आहे.”

“आहे.”

“मग दाखवा.”

“नावच नाही, त्यामुळे यादीत दिसणार नाही.”

“म्हणजे नाही.”

नाइलाजाने मी एलएसओएफ ही उघड्या फाइलींची यादी देणारी आज्ञा चालवून दाखवली. त्यात ती फाइल होती, तिचा आकारही वाढत होता. मात्र पुढे कंसात ‘डिलिटेड’ असे लिहिलेले होते. साहेबांचा चेहरा उजळला. निर्मितीचा दिनांक आणि नष्ट केल्याचा दिनांक असे दोन रकाने असलेले रजिस्टर पुढे ओढून त्यांनी विचारले, “नष्ट झाल्यानंतर आकार वाढला, तर तो कोणत्या रकान्यात लिहायचा?”

एवढ्यावर भागले असते तर मी हसून सोडून दिले असते. पण याच गृहस्थांनी शेजारचे जुने मॉड्यूल, ज्यात टीएमपीनॅम हे जुने फंक्शन वापरले आहे, ते निमूटपणे मंजूर केले. टीएमपीनॅम नुसते रिकामे नाव सांगते, म्हणजे एसटीत अमुक जागा रिकामी आहे असे खालून ओरडून सांगण्यासारखे. आपण चढेपर्यंत तिथे दुसराच कोणी बसलेला असू शकतो. एमकेएसटेम्प नाव शोधते आणि त्याच दमात फाइल उघडते, तीही ०६०० परवानगीने, म्हणजे केवळ मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या २००८च्या पॉझिक्स मानकाने टीएमपीनॅम कालबाह्य ठरवले आहे आणि प्रोग्रॅमचे भाग जोडणारा लिंकर दरवेळी ‘हे वापरणे धोक्याचे आहे’ असे बजावतो. पण त्या मॉड्यूलची फाइल यादीत दिसते, आणि दिसते ते नियमात बसते!

आता मला लेखी सूचना आली आहे की फाइल पुसू नये, तिच्या नावात दिनांक असावा आणि ती सर्वांना वाचता यावी. त्या फाइलीत ग्राहकांचे खाते क्रमांक असतात, असे मी कळवले. त्यावर, रजिस्टरमध्ये ‘गोपनीय’ असा आणखी एक रकाना वाढवून चालेल का, अशी विचारणा आली आहे.