डिस्क स्वस्त झाली म्हणून सगळे आकडे कायम साठवायचे?

इंदुरात नेटवर्क सांभाळणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. डिस्क स्वस्त आहे, तेव्हा ट्रॅफिकचा, म्हणजे नेटवर्कवरून किती डेटा गेला याचा, प्रत्येक आकडा कायम ठेवा. सरासरी काढून मूळ नोंदी पुसणं म्हणजे पुरावा पुसणं. कायद्यालाही सगळं लागतं. आणि डिस्क भरलीच तर तेव्हा पुसता येईल. कामाला नव्यानं लागलेली मुलं हे खरं मानून सेटिंग बदलतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डिस्कचं म्हणणं स्विचच्या पोर्टांपुरतं, म्हणजे केबल जोडायच्या खाचांपुरतं, खरं आहे. दर पाच मिनिटांनी एक नोंद म्हटली तर एका पोर्टाच्या वर्षाला १,०५,१२० होतात आणि पोर्ट काही रोज वाढत नाहीत. गोष्ट हाताबाहेर जाते ती प्रत्येक आयपी पत्त्याचा (नेटवर्कवर उपकरणाला मिळणाऱ्या क्रमांकाचा) वेगळा हिशेब ठेवला की. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत फोन ओळख लपवण्यासाठी साधारण रोज नवा पत्ता घेतो. शंभर फोनांच्या वसतिगृहात वर्षाअखेर ३६,५०० पत्ते जमतात, आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी दिसत नाहीत. त्यात एखाद्या लॅपटॉपला व्हायरस लागला आणि त्यानं एक /१६ नेटवर्क, म्हणजे ६५,५३६ पत्त्यांचा गट, एकेक पत्ता करत चाळलं, की तेवढ्याच आणखी ओळी. डिस्क कितीही मोठी आणा, हा आकडा तुमच्या हातात नाही.

पुराव्याचा मुद्दा जास्त पटण्यासारखा आहे. टोबी ओटिकर यांनी १९९९ साली आणलेल्या आरआरडीटूल या आकडे साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये जुन्या नोंदींच्या सरासऱ्या ठेवतात आणि फाइलचा आकार ती बनवतानाच ठरतो. नवी नोंद सर्वांत जुनीच्या जागी बसते. त्यावर आलेख काढणाऱ्या कॅक्टी या प्रोग्रामची जुनी ठरलेली मांडणी पाहा: पाच मिनिटांच्या ६००, अर्ध्या तासाच्या ७००, दोन तासांच्या ७७५ आणि दिवसाच्या ७९७ नोंदी. एकूण २,८७२, प्रत्येकी आठ बाइट. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ २३ केबीच्या आत! सरासरीत संध्याकाळची गर्दी बुजते ही तक्रार रास्त आहे, पण त्यासाठी सरासरीशेजारी कमाल आकडाही ठेवायचा. जागा दुप्पट लागते, इतकंच. इंटरनेटचं बिल ९५ व्या पर्सेंटाइलनं (वरच्या पाच टक्के नोंदी सोडून उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर) येत असेल तर मात्र महिन्याच्या ८,६४० मूळ नोंदी हव्यातच. त्या वाद मिटेपर्यंत जरूर ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश लॉगबद्दल (यंत्रणांत काय घडलं याच्या नोंदींबद्दल) आहे आणि त्यात मुदत दिलेली आहे: सरकते १८० दिवस. इंटरनेट पुरवणाऱ्यांना परवान्याच्या अटींमुळे काही नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. ट्रॅफिकचे आलेख ही वेगळी गोष्ट आहे. ‘कायम’ हा शब्द दोन्हीकडे नाही.

आता ‘भरली की पुसू’. इंदुरातल्या भंवरकुआँकडच्या एका वसतिगृहाचं नेटवर्क मी पाहायचो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) पाहून मुलं पहाटे परतली आणि एकाही फोनला पत्ता मिळेना. सर्व्हरवर पाहिलं तर डिस्क १०० टक्के. आकड्यांची फाइल आणि डीएचसीपीची (फोनांना पत्ते वाटणाऱ्या सेवेची) लीज फाइल, म्हणजे कुणाला कोणता पत्ता दिला याची नोंद, डिस्कच्या एकाच भागावर (पार्टिशनवर) होती. लीज लिहायलाच जागा उरली नव्हती. जुने लॉग हटवून थोडी जागा केली, जुन्या लाखो ओळी डिलीट केल्या, तरी फाइल एका बाइटनं कमी झाली नाही. आकडे एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये होते, आणि त्यात डिलीट केलेली जागा फाइलच्या आतच मोकळी राहते. ती डिस्कला परत द्यायला व्हॅक्यूम ही फाइल आटोपशीर करणारी कमांड चालवावी लागते आणि त्यासाठी फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. ती कुठून आणणार? शेवटी अख्खी फाइल काढून टाकली. काहीच पुसायचं नाही म्हणून जपलेले तीन वर्षांचे आकडे एका कमांडमध्ये गेले.

आणखी एक, जे त्या मजकुरात कुणी काढलेलंच नाही. पत्त्यानिहाय आकड्यांत कोणत्या खोलीतलं पोर रात्री किती वाजेपर्यंत जागं होतं, हेही दिसतं. ते वर्षानुवर्षं साठवायचा आपल्याला काय अधिकार?

तिथे मग मी पत्त्यांच्या नोंदी ३० दिवसांवर आणल्या, एका वेळी जास्तीत जास्त २०,००० पत्ते, त्यापुढचे सगळे ‘इतर’ या एकाच ओळीत. पोर्टांचे आलेख दोन वर्षांचे. आणि आकड्यांना वेगळं पार्टिशन दिलं, म्हणजे ते भरलं तरी मुलांचे फोन चालू राहतील.