ढेपेनं रोहूची आतडी सडत नाहीत

तळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडायची वेळ आली की भंडारा-गोंदियाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो: "सोयाबीन, ढेप असलं शाकाहारी खाद्य दिलं की माशांची आतडी सडतात. नॉर्वेत सिद्ध झालंय. सकाळी मासे वर येऊन तोंड वासतात, ती त्याचीच निशाणी. रोहू-कटलाला फक्त फिशमीलचं (सुक्या माशांच्या भुकटीचं) खाद्य द्या." हे वाचून कुणी ढिवर भाऊ उधारीवर महागडं खाद्य उचलणार असेल, तर गप्प बसवत नाही.

आधी नॉर्वेचं बघू. ते अर्धं खरं आहे. सोयापेंड खाल्लेल्या सामन (सॅल्मन) माशाच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, अस्तराच्या घड्या आखूड होतात. सोयाबीनमधलं सॅपोनिन नावाचं द्रव्य हे त्याचं मुख्य कारण. पण म्हणून नॉर्वेनं वनस्पती सोडल्या का? उलट, सॅपोनिन काढलेलं सोयाप्रथिन वापरात आणलं. १९९०च्या सुमारास तिथल्या सामनच्या खाद्यात जवळपास ९० टक्के माल समुद्रातला असे; आता साधारण ७० टक्के वनस्पतींचा असतो.

आणि सामन म्हणजे रोहू नव्हे. सामन थंड पाण्यातला शिकारी. रोहूचं पोट फाडून बघा: जठर नाहीच, नुसतं गुंडाळी झालेलं बारीक आतडं, उलगडत गेलं तर माशाच्या लांबीच्या कितीतरी पट. शेजारी मरळ फाडली तर जठर आणि आखूड आतडं. रोहूची रचना शेवाळ, कुजका पाला खाऊन जगणाऱ्या माशाची आहे. रोहूच्याच कुळातल्या, आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या सायप्रिनसला (कॉमन कार्प) सोयापेंड खाऊ घालून पाहिलं, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत सूज दिसली, पण तेच खाद्य चालू असताना चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून ती ओसरायला लागली.

तोंड वासण्याचा आतड्याशी संबंध नाही. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही पाण्यातला ऑक्सिजन ओढतात, पहाटे तो सगळ्यात कमी झालेला असतो, त्यात आभाळ असलं तर जास्तच. ऊन चढलं की मासे खाली जातात. त्या सकाळी खाद्य बंद ठेवा आणि ताजं पाणी सोडा.

खरी काळजी घ्यायची ती ढेपेच्या प्रतीची, आणि त्याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही. घरचं सोयाबीन कच्चंच भरडून टाकू नका. त्यातली पचन अडवणारी द्रव्यं उष्णतेनं मोडतात, म्हणून आधी नीट भाजा. सॅपोनिन मात्र भाजून जात नाही, तेव्हा सोयाचं प्रमाण बेतानंच ठेवा. शेंगदाण्याच्या ढेपेला पावसाळ्यात ओल लागली की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं, आणि ते उकळूनही जात नाही. त्याचा मार यकृतावर बसतो. काळी-हिरवी पडलेली, कुबट वासाची ढेप स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. वऱ्हाडात ती सहज मिळते म्हणून एकटी तीच चारू नये. कोंड्यात थोडी मिसळा.

फिशमीलचा आग्रह मरळ पाळणाऱ्यानं जरूर धरावा. तिचं आतडं मांसासाठीच घडलेलं आहे, तिथे ढेपेवर काटकसर करायला गेलात तर वाढच खुंटेल. मामा (माजी मालगुजारी) तलावात आणि बोडीत (छोट्या तळ्यात) रोहू, कटला, मृगळ सोडणाऱ्यानं कोंडा आणि चांगली ढेप निर्धास्त चालू ठेवावी.