टर्मिनलची टायटल पट्टी घालवायचीय? या, बसा

आधी अभिनंदन. टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीच्या, डोक्यावरची ती नाव दाखवणारी तीसेक पिक्सेलची पट्टी खुपायला लागली म्हणजे तुमचं बाकी सगळं मार्गी लागलेलं दिसतंय. काल रात्री माझंही लागलं होतं. दहाला बसलो, पावणेएकला उठलो.

सेटिंग्जचा मेन्यू शोधू नका. तुम्ही जाणकार, तुमच्यासाठी साधी मजकुराची फाइल आहे.

ती कुठे आहे, हे विचारू नका.

आता शब्द निवडा, प्रत्येक टर्मिनल प्रोग्रामचा वेगळा. किटीला 'हाइड विंडो डेकोरेशन्स'पुढे 'येस' हवं. अलॅक्रिटीला 'डेकोरेशन्स'पुढे 'नन'. वेझटर्ममध्ये नुसतं 'रिसाइझ' लिहिलं की पट्टी जाते, कारण पट्टीचं नाव न घेणं हाच तिला घालवण्याचा मार्ग. घोस्टीत 'डेकोरेशन' एकवचनी, बाकी तिघांत अनेकवचनी. पाठ करा, हसत हसत.

सगळीच सजावट, म्हणजे पट्टी आणि कडा, काढलीत तर खिडकी माउसने धरायला कडाही उरत नाही. ऑल्ट किंवा सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) दाबून ओढा. चालेल, चालेल.

लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवायची जुनी व्यवस्था एक्स ११, नवी वेलँड. वेलँडवर असाल तर मजा आणखी. एक्स ११ वर प्रोग्रामने मोटिफ या जुन्या खिडक्या-बटणांच्या संचाच्या जमान्यातली एक खूण लावली की विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) चौकट काढून टाकतो. मोटिफ कुणी वापरत नाही, खूण तेवढी शाबूत. वेलँडवर मात्र चौकट काढायची कुणी, इथून सुरुवात. केडीई डेस्कटॉप म्हणतो मी काढतो, ग्नोम डेस्कटॉप म्हणतो ज्याची त्याने काढावी. (इथे काढणे म्हणजे रेखाटणे. हटवणे नव्हे. मराठीने आधीच सावध केलं होतं.) म्हणून एकच ओळ एका डेस्कटॉपवर वेगळी वागते, दुसऱ्यावर वेगळी.

बदल दिसत नसेल तर टर्मिनल बंद करून उघडा. मग लॉग आउट. मग सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल. मी तिन्ही केलं. पट्टी जागची हलली नाही. शेवटी कळलं की मी 'डेकोरेशन' लिहिलं होतं, शेवटचा 'एस' नव्हता. आधीच्या टर्मिनलची सवय. आणि यावर प्रोग्रामचं म्हणणं काय? काहीच नाही. त्या ओळीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, मूग गिळून जुनीच पट्टी दाखवत बसला. पावणेतीन तास! मी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर संशय घेतला, मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला!

यावर एका मित्राचा सल्ला: "टायलिंग विंडो मॅनेजर घे, खिडक्या फरशांसारख्या मांडतो, पट्टीच नको." बरं झालं सांगितलंस.

आता हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांशी सरळच बोलतो. अरे, फाइल वाचताना अनोळखी शब्द आला तर तो तुमच्या प्रोग्रामला कळतो ना? मग तोंड उघडायला काय होतं? 'ओळ ४१, हा शब्द मला माहीत नाही' एवढंच छापा. हजार रंगसंगती द्यायला वेळ आहे, पारदर्शकता दशांशात मोजायला वेळ आहे, आणि हे एक वाक्य लिहायला हात दुखतात? लाज वाटू द्या थोडी.