बोट दाखवून मागवलेले जेवण

प्रवासाला निघताना मी दोन गोष्टी न चुकता बरोबर घेतो : चार्जर आणि तत्त्वे. चार्जर बहुतेक वेळा पहिल्याच मुक्कामाच्या भिंतीत राहतो. तत्त्वे मात्र शेवटपर्यंत साथ देतात आणि त्यांचा जाच बरोबरच्यांना होतो. त्यांपैकी माझे सर्वांत लाडके तत्त्व असे, की परक्या गावात तिथले लोक जिथे जेवतात तिथेच जेवावे आणि ते जे खातात तेच खावे. ‘एवढे भाडे भरून घरचेच जेवण गाठायचे असेल, तर घर काय वाईट होते?’ हे वाक्य मी चारचौघांत इतक्या वेळा म्हटले आहे, की मी ‘एवढे भाडे’ म्हणताच पत्नी पुढचे मनातल्या मनात पुरे करते आणि खिडकीबाहेर पाहू लागते.

त्या संध्याकाळी याच तत्त्वापायी आम्ही तिघे तासभर पायी हिंडत होतो. ज्या हॉटेलात प्रवासी दिसत ते मी नापास करीत होतो आणि ज्यात कोणीच दिसत नसे ते पत्नी नापास करीत होती. उरलेल्यांचा निकाल मुलगा फोनवरचे तारे पाहून लावत होता. एका ठिकाणाला ४.२ आणि समोरच्याला ४.३ तारे होते, म्हणून आम्ही रस्ता ओलांडला. तिथे पोहोचल्यावर त्याला एका गृहस्थाने एकच तारा दिल्याचे निघाले, म्हणून परत अलीकडे आलो. गृहस्थाची तक्रार एवढीच होती, की गाडी लावायला जागा नाही. आमच्याकडे गाडी नव्हती. पण पोटात कावळे ओरडू लागले, की माणसाला असले तर्क सुचत नाहीत.

हे तारे वाटण्याचे खूळ रूढ करण्यात मोठा वाटा टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीचा आहे. लोकांनी मोटारी जास्त हाकाव्यात, म्हणजे टायर लवकर झिजतील, अशा सरळ हिशेबाने तिने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका फुकट वाटली आणि १९२६ पासून तीत चांगल्या हॉटेलांना तारे मिळू लागले. तीन तारे म्हणजे केवळ तिथे जेवण्यासाठी मुद्दाम प्रवास करावा, असा आजही अर्थ आहे. हिशेब अजून चोख चालतो याची खूण माझ्या पायांना पटत होती, कारण टायरांच्या जागी माझ्या चपला झिजत होत्या. रेस्टॉरंट हा शब्दसुद्धा मुळात जागेचा नव्हे. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये थकल्याभागल्या जिवाला तरतरी आणणाऱ्या कढणाला तसे म्हणत आणि पुढे ते कढण जिथे मिळे त्या जागेलाच ते नाव चिकटले. आमची अवस्था मूळ अर्थाच्या अगदी जवळ आली होती.

अखेरीस जे दार सर्वांत जवळ होते त्यात आम्ही शिरलो. आत गर्दी होती, भांड्यांचा खणखणाट होता आणि मेनूकार्डावरचे एकही अक्षर आम्हांला ओळखीचे नव्हते, त्यामुळे मी मनोमन सुखावलो. मुलाने कार्डावर फोनचा कॅमेरा धरला आणि भाषांतर वाचायला सुरुवात केली : ‘आजोबांचा संताप’, ‘बुडालेली भाजी, पश्चात्तापासह’, ‘दोनदा माफ केलेली कोंबडी’. त्याचा हात जरा हलला, की पदार्थ बदलत होता; एकाच ओळीत आधी ‘हाताचा मासा’ होता, मग ‘मासा नाही’ झाला आणि तिसऱ्यांदा ‘कृपया दार लोटून घ्या’ असे आले. एवढ्यात पत्नीने कार्डाच्या मागच्या बाजूला सूप आणि पाव यांचे एक फिकट चित्र शोधून काढले, वेटरला ते दाखवले आणि दोन बोटे उभी केली, कारण मुलगाही फितूर झाला होता. चित्रे असलेल्या मेनूकार्डावरून काही मागवू नये, हे माझे दुसरे तत्त्व. पण त्या घटकेला ते सांगण्यात अर्थ नव्हता.

मी आजूबाजूला पाहू लागलो. शेजारच्या टेबलावर पन्नाशीचे एक धिप्पाड गृहस्थ एकटेच जेवत होते. त्यांच्यापुढे मातीच्या खोलगट भांड्यात काहीतरी लालभडक रटरटत होते. त्यांनी डोळे मिटले होते, कपाळावर घाम डवरला होता, डोळ्यांच्या कोपऱ्यांत पाणी होते आणि ते संथपणे मान हलवत होते. भजनात रंगलेल्या माणसाचा चेहरा असा होतो. हे इथलेच असणार आणि हाच इथला अस्सल पदार्थ, हे मी तत्काळ ओळखले आणि त्या भांड्याकडे बोट दाखवले. वेटरने मला नखशिखान्त न्याहाळले. तोंडापुढे हाताचा पंखा हलवून मी ‘तिखट आहे का?’ असे खुणेने विचारले, तेव्हा त्याने अंगठा आणि तर्जनी यांत तांदळाचा दाणा मावेल एवढे अंतर ठेवून चिमूट दाखवली. वेटरच्या चिमटीतले अंतर आणि पदार्थातले तिखट यांचा जगात कुठेही परस्परसंबंध नसतो, हे मला अनुभवाने ठाऊक असायला हवे होते. आमची ही खाणाखुणांची बोलणी पाहून शेजारच्या गृहस्थांनी पंजा वर करून दोनदा जोरात हलवला. परमुलखातल्या माणसाचा हा अगत्यशीलपणा पाहून मीही हसून हात हलवला.

भांडे आले. काठाशी लाल तेलाचे वर्तुळ जमले होते, मधोमध बुडबुडे फुटत होते आणि भाजलेल्या लसणाचा खमंग वास येत होता. पहिला चमचा खरोखर सुंदर लागला, किंचित आंबट, किंचित धुरकट. ‘आवडलं का?’ असे पत्नीने विचारताच ‘अस्सल आहे!’ असे म्हणून मी घाईने दुसरा चमचा घेतला, आणि त्यानंतर पहिला चमचा पोहोचला. आधी कान गरम झाले, मग टाळू, मग जिथे जेवणाचा काही संबंध नसावा अशा जागा. मी पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला, तशी आग होती तिथून नव्हती तिथेही पसरली.

अशा प्रसंगी वडिलांना धीर द्यावा की ज्ञान, असा प्रश्न हल्लीच्या मुलांना पडत नाही. ‘बाबा, तिखट ही चव नाहीच, ती वेदना आहे,’ असे म्हणून मुलाने फोनवरून वाचायला घेतले. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता लागली, की ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला धाडणारी एक यंत्रणा आपल्या चेतातंतूंत असते आणि मिरचीतले कॅप्सायसिन तिलाच खोटी वर्दी देते. ती यंत्रणा शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यावर दूध चालते. पक्ष्यांना मात्र ते जाणवतच नाही. मी त्या क्षणी पक्षी व्हायला तयार होतो. पुढे १९१२ सालच्या विल्बर स्कोव्हिल यांचे नाव आले. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळून, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत तो पातळ करीत जायचे, अशी त्यांची तिखट मोजण्याची रीत होती. मला त्या चाखणाऱ्यांविषयी सख्ख्या भावाइतका जिव्हाळा वाटला.

दूध हवे होते, पण ते मागायचे कसे? मी दोन्ही मुठी पुढे धरून आळीपाळीने खाली ओढल्या. भर हॉटेलात गाय दोहण्याचा अभिनय मी आयुष्यात प्रथमच करीत होतो आणि तो फार वाईट झाला नसावा, कारण वेटर समजल्यासारखी मान हलवून तत्परतेने आत गेला आणि पिळलेला ओला रुमाल घेऊन आला. पुढे मुलाच्या फोनने तो शब्द एकदाचा बरोबर उच्चारला आणि दूध आले. तोवर मी डोळे मिटून, घामाघूम होऊन, संथपणे मान हलवत बसलो होतो.

शेजारचे गृहस्थ बिल देऊन उठले. त्यांनी टेबलाखालून चाकांची बॅग ओढून काढली. तिच्या मुठीला विमान कंपनीची चिठ्ठी अजून लोंबकळत होती. दाराशी थांबून त्यांनी मुक्कामाचा पत्ता लिहिलेला कागद उलटसुलट करून पाहिला आणि जाताना माझ्या दिशेने, झाल्या गोष्टीची क्षमा मागावी तसा, छातीला हात लावला.

त्यांच्या रिकाम्या टेबलावर लगेच एक नवे कुटुंब येऊन बसले. कुटुंबप्रमुखाने मेनूकार्ड उघडले, मिटले, आजूबाजूला नजर फिरवली आणि ती माझ्या भांड्यावरून माझ्या पाणावलेल्या डोळ्यांवर येऊन स्थिरावली. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी ओळखला. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. मी ओरडणार होतो, पण तोंडात दूध होते; म्हणून पंजा वर करून दोनदा जोरात हलवला. त्यानेही हसून हात हलवला, आणि वेटरने त्याला चिमूट दाखवली.