गच्चीवरचं सोलर आणि मे महिना

गच्चीवरच्या सोलरबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की नागपूरचं ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, ते पटलं नाही. सोलर पॅनेलला उजेड हवा, ताप नको. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि मे महिन्यात पॅनेल ६० अंशांच्याही वर तापतं. म्हणून ते स्लॅबला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळलाच पाहिजे. टाकीची सावलीही बघा! आमच्या मानेवाड्यात शेजारच्या टाकीची सावली चारनंतर एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर येते, तरी वीज लगेच उतरते. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते जरूर घ्या. आणि धूळ पहाटेच धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते.