उभ्या गाडीतला प्रवास

गाडी थांबली म्हणजे हलायची थांबली, असं मानणारा माणूस ट्रेलरमध्ये कधी झोपलेला नसतो. दिवसभर हे चाकांवरचं घर गाडीमागे रस्त्यावर डुलत येतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. मुक्कामाची जागा येते, गाडी आणि ट्रेलर जोडणारा हिच सुटतो, दिवे लागतात, माणसं पाय पसरून पडतात आणि खरा प्रवास तेव्हा सुरू होतो. तो कुठेच पोचत नाही, एवढंच.

आमच्या ट्रेलरमध्ये कुणाचीच हालचाल खासगी राहत नाही. मुलगा मागच्या टोकाला कूस बदलतो, ते पुढच्या टोकाला झोपलेल्या आत्याला कळतं. आत्या चष्मा शोधायला उठते, ते सगळ्यांना कळतं. चष्मा उशाखालीच होता हेही कळतं, कारण ती लगेच पुन्हा आडवी होते. बायको तर डोळे मिटल्या मिटल्या निकाल देते. एक हेलकावा आला की, "आत्या, बाथरूम." दुसरा आला की, "हे पाणी प्यायला उठले." आणि मधेच एखादा फारच जपून टाकलेल्या पावलांचा, सोज्वळ हेलकावा आला की मोठ्यांदा, "फ्रिज लाव आधी!" मुलाने चवड्यांवर चालून पाहिलं. एकदा तो रांगत गेला. रांगणाऱ्याचा हेलकावा वेगळा ओळखू येतो, अशी त्यातून घरच्या ज्ञानात भर पडली.

"अरे, ही गाडी उभी आहे ना?" आत्याने मला विचारलं.

"उभीच आहे गं."

"मग मला लागतेय कशी?"

प्रश्न बिनतोड होता. गाडी उभी होती, पण टेकलेली नव्हती. घर जमिनीवर टेकतं. ट्रेलर स्प्रिंगांवर उभा राहतो. वर सांगाडा म्हणजे चॅसी, त्याखाली पाटे म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगा, पाट्यांखाली ॲक्सल म्हणजे चाकांचा आस, ॲक्सलला हवा भरलेले टायर आणि मग कुठे जमीन. रस्त्यावरचे खड्डे गिळायला केलेली ही व्यवस्था मुक्कामाला आलो म्हणून रजेवर जात नाही. काही ट्रेलरांना पाट्यांऐवजी ॲक्सलच्या नळीत रबर कोंबलेलं असतं, पण स्वभाव तोच. त्यातून पुष्कळशा ट्रेलरांना शॉक ॲब्सॉर्बर नसतातच. पाट्याची पानं एकमेकांवर घासतात तेवढाच काय तो आवर. म्हणजे एकदा धक्का बसला की ट्रेलर त्याचा पुरेपूर विचार करून मगच शांत होतो.

आणखी एक गोम आहे. ॲक्सल असतात मधोमध, जरासे मागे सरकलेले. ओढताना एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यावा लागतो; कमी आला तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवू लागतो. रस्त्यासाठी हे उत्तम आहे. पण उभं राहिल्यावर दोन्ही टोकं चाकांच्या पुढे-मागे लोंबकळतात आणि घराचा सी-सॉ होतो. आत्या एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला, आणि मधे आम्ही नवराबायको, ज्यांना सर्वांत कमी हलायला हवं होतं. पण स्वयंपाकाचा ओटा आणि बाथरूम आमच्याच उशाशी, त्यामुळे तोही फायदा फुकट.

माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि पाट्यांवर ठेवलेल्या घराचा स्वतःचा झोकाही त्यापासून फार लांबचा नसतो. या दोघांचं जमलं की लहानसं पाऊल मोठा हेलकावा उठवतं. भल्याभल्यांची यात फजिती झाली आहे. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी लोकांना खुला झाला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, कारण माणसं चालू लागली की तो बाजूला झुलायचा, तोल सावरायला माणसं पाय फाकवून टाकायची आणि त्या पावलांनीच तो आणखी झुलायचा. खाली झोके शोषणारी यंत्रं बसवून तो पुन्हा उघडेपर्यंत २००२ उजाडलं. हे मी आत्याला धीर यावा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना पूल बंद तरी करता आला. मी बाथरूमला जायचं बंद करू का?"

सल्ले घ्यायला सुरुवात केली. ट्रेलरवाल्यांच्या जगात तुम्ही नुसतं "हलतो हो फार" म्हणा, चार माणसं हातातली कामं टाकून येतात. पहिला नंबर अर्थातच मेव्हण्याचा. त्याचाही ट्रेलर आहे.

"दाजी, चार कोपऱ्यांना चार जॅक दिलेत ना? पिळा करकचून. जेवढं घट्ट, तेवढं पक्कं."

त्याने स्वतःच्या ट्रेलरवर हा सिद्धांत तडीस नेला होता. बॅटरीवरच्या ड्रिलला सॉकेट लावून त्याने मागचे दोन्ही कात्री जॅक असे पिळले, की एका बाजूचं चाक जमिनीवरून उठलं. तो खूश होऊन आत गेला आणि दार ओढून घेतलं. रात्री दार उघडेना. कोपऱ्यातले जॅक हे ट्रेलर उचलायला नसतातच. घर जागच्या जागी दाबून धरायला असतात. भार टायरांवर आणि हिचजवळच्या पुढच्या उभ्या जॅकवरच राहायला हवा. कोपरा उचलायला गेलं की चॅसीला पीळ बसतो आणि चौकटी तिरप्या होतात. मेव्हणा खिडकीतून बाहेर आला. अर्धा आला, खरं म्हणजे. उरलेला अर्धा काढायला त्याच्या बायकोने आतून जोर लावला. ट्रेलर मात्र त्या वेळी अजिबात हलत नव्हता, हे तो आजही अभिमानाने सांगतो.

त्याच्यानंतर आले शेजारच्या ट्रेलरमधले काका. खिशात छोटी पाणसळ घेऊन फिरणारा माणूस. आमच्या दारात त्यांनी ती ठेवली, बुडबुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. इतकं दुःखी तोंड मी डॉक्टरांचंही पाहिलेलं नाही.

"तुम्ही जॅकपासून सुरू करताय," ते म्हणाले. "जॅक शेवटी."

मग मला क्रम शिकवला गेला. गाडीला जोडलेला असतानाच ट्रेलर आडवा सपाट करायचा, खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून. मग चाकांना पुढून-मागून पाचरी. पाचरी लागल्याशिवाय हिच सोडायचा नाही, नाहीतर घर आपल्याला न विचारता उताराला लागतं. मग पुढच्या जॅकने नाक वरखाली करून लांबीची सपाटी. आणि हे सगळं झाल्यावर कोपऱ्यांचे जॅक. सपाटी नुसत्या झोपेसाठी नाही, हेही त्यांनी बजावलं. गॅसवरही चालतो तो ट्रेलरचा फ्रिज कॉम्प्रेसरवाला नसतो. त्यात अमोनिया आणि पाणी उष्णतेच्या आणि उताराच्या जोरावर फिरतं. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेली ही युक्ती, तिला फिरता भाग नाही, आवाज नाही, पण फ्रिज फार कलला की अभिसरण अडतं आणि फ्रिज बिघडू शकतो. 'फ्रिज' शब्द ऐकून मुलगा पहिल्यांदाच फळ्या आणायला स्वतःहून उठला.

जॅक लावण्यातही काकांची एक खुबी होती, आणि ती मला मनापासून आवडली. आधी नाक थोडं खाली करायचं. मागचं टोक वर जातं. तेव्हा मागचे जॅक जमिनीला भिडवायचे. मग नाक पुन्हा सपाटीला आणायचं, की मागचं टोक खाली येऊन त्या जॅकांवर आपसूक दाबून बसतं. मग पुढचे जॅक भिडवायचे आणि वर अर्धी फेरी. जॅकखाली लाकडी ठोकळे हवेतच: जॅक जितका कमी उघडेल तितका ताठ राहतो आणि मऊ जमिनीत रुतत नाही. पूर्ण ताणलेला जॅक म्हणजे टाचा उंचावून फोटोत उभा राहिलेला पाहुणा, धक्का लागेपर्यंतच रुबाब.

त्या रात्री आत्या म्हणाली, "बरं आहे. आता वरखाली होत नाही." मी कृतार्थ झालो. ती पुढे म्हणाली, "आता पुढेमागे होतंय."

इथे मला या विषयाचं मर्म कळलं. हलणं एक नसतं, तीन असतात: वरखाली, पुढेमागे आणि डावीउजवीकडे. जोवर तिन्ही एकदम चालू असतात तोवर आपण त्याला नुसतं 'हलणं' म्हणतो. एक बंद केलं की उरलेली दोन ठळक होतात, आणि दुसरं बंद केलं की तिसरं इतकं ठळक होतं की आधीच्या दोघांची आठवण येते. शिवाय प्रत्येकाचा उतारा वेगळा.

पुढेमागेचा उतारा चाकांत. साधी पाचर घराला पळू देत नाही, पण टायर आणि पाचर यांच्यात जरा फट असते आणि रबर दबतं, तेवढ्यात घराची येजा चालू राहते. दोन ॲक्सलवाल्या ट्रेलरला दोन चाकांच्या मधे फुलीच्या आकाराची लोखंडी पाचर बसवतात. नट आवळला की ती उघडून दोन्ही टायर एकमेकांपासून दूर ढकलते आणि चाकांची कुरबुर थांबते. साध्या पाचरी तरीही काढायच्या नसतात. आणि ही फुली सकाळी पुन्हा आवळावी लागते, कारण रस्त्यावर तापलेले टायर रात्री गार होऊन आक्रसतात. म्हणजे सकाळी उठून पहिलं काम, पायजम्यात, पाना घेऊन चाकाशी. समोरून येणारे-जाणारे "टायर गेला का?" विचारतात. "नाही, गार झाला," हे उत्तर कुणाला पटत नाही.

डावीउजवीकडचं प्रकरण सर्वांत चिवट. जॅकचा पाय आणि चॅसी यांचा मिळून चौकोन होतो, आणि चौकोन कसा, बाजू तेवढ्याच राहिल्या तरी कलतो. शाळेत भूमितीच्या तासाला मी ही गोष्ट ऐकली असणार, पण तेव्हा माझ्यावर कुणी झोपलेलं नव्हतं. त्रिकोण मात्र बाजूची लांबी बदलल्याशिवाय कलत नाही. म्हणून जॅकच्या पायापासून चॅसीपर्यंत तिरके दांडे मारायचे. लांबी जुळवायची, स्क्रू आवळायचा, झालं. 'झालं' हा काकांचा शब्द. ट्रेलरखाली पाठीवर सरपटत, छातीवर दांडा, तोंडात स्क्रू आणि बाहेरून आत्याची सूचना: "अरे, कपडे मळतायत." त्यातच मुलगा आत उड्या मारून 'आता हलतंय का' ते तपासत होता. मी खालून पाहिलं. हलत होतं.

पायरी राहिली होती. दारातली घडीची पायरी चॅसीलाच लटकलेली असते. तिच्यावर पाय पडला की माणसाचं सगळं वजन घराच्या एका कडेवर येतं आणि आतल्यांना पाहुण्याची वर्दी तो दार वाजवण्याआधी मिळते. तिच्याखाली स्क्रूचा एक टेकू लावला. वाऱ्याचं मात्र काही करता येत नाही. फार तर उभं करतानाच नाक वाऱ्याकडे ठेवायचं, कारण ट्रेलरची लांब कूस वाऱ्याला आवडते. वारा रात्री दिशा बदलतो तेव्हा काय करायचं, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "झोपायचं." माणूस अगदीच रुक्ष नव्हता.

अखेर एका संध्याकाळी काकांनी ओट्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला, आणि आम्हा सगळ्यांना ट्रेलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. सगळे गंभीर चेहऱ्याने येरझाऱ्या घालत होते. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. काकांनी पाणसळ खिशात घातली आणि "उद्या सकाळी पुन्हा अर्धी फेरी, जमीन बसते रात्रीत," एवढं बोलून गेले.

रात्री कुणी कुणाला जाणवलं नाही. आत्या चक्क घोरली. मी पाणी प्यायला उठलो तर कुणी माझं नावही घेतलं नाही. थोडं एकटं वाटलं, पण चालायचंच.

सकाळी बायकोने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. मधला खण रिकामा होता. तिने आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. तिघेही सारखेच निरागस. मुलगा तर अजून झोपलेला होता, आणि झोपेत जरा हसत होता.

काहीही न बोलता तिने जॅकचं हँडल माझ्या हातात दिलं.

"मागचा उजवा जरा सैल कर."

"अगं, इतक्या मेहनतीने... बरं, किती सैल करू?"

"फ्रिजपुरता."