पाचही पोट्टे एका शाळेचे

रेडिओहेड, पिक्सीज, आर.ई.एम. आणि माय ब्लडी व्हॅलेंटाइन या परदेशी रॉक बँडांची नावे, त्यांचे निवडक अल्बम आणि ते कोणत्या क्रमाने ऐकावेत याच्या सूचना ज्या कागदावर मी स्वहस्ते, दोन रंगांच्या पेनांनी लिहिल्या होत्या, त्याच कागदावर परवाच्या रविवारी धरमपेठेतल्या एका टपरीवर एका अनोळखी गृहस्थांनी तर्री-पोह्यांची प्लेट ठेवली. ठेवली ती ठेवली, वर मलाच विचारले, "काऊन भाऊ, किराण्याची यादी होय का?"

यादी भाच्यासाठी होती. हा मुलगा जानेवारी 2025 मध्ये मित्रांबरोबर नवी मुंबईला जाऊन कोल्डप्ले या सुरेल ब्रिटिश बँडचा कार्यक्रम पाहून आला आणि तेव्हापासून "मामा, असंच अजून काहीतरी सांगा ना" म्हणून माझ्या मागे लागला होता. अंगात मात्र निर्वाणा या दणदणाटी अमेरिकन बँडचा टी-शर्ट, तोही सीताबर्डीवर घासाघीस करून घेतलेला. म्हणजे रुची दोन टोकांची आणि सांगणाऱ्याची जबाबदारी दुप्पट. आपल्याला जे येते ते कोणीतरी आपणहून विचारण्याचे प्रसंग माझ्या वयात फार थोडे येतात, त्यामुळे मी ही जबाबदारी जरा जास्तच मनावर घेतली.

यात शास्त्र आहे. कोल्डप्लेचा 2000 सालचा पहिला अल्बम 'पॅराशूट्स' ज्याला आवडतो, त्याने मागे सरकून रेडिओहेडचा 1995 चा 'द बेंड्स' ऐकावा. तीच आर्त, वर चढत जाणारी चाल आणि तेच गिटारचे मोकळे आकाश तिथे सापडते. मग 1997 चा 'ओके कॉम्प्युटर' घ्यावा. मात्र 2000 च्या 'किड ए'ला इतक्यात हात लावू नये, कारण तिथे गिटार जवळजवळ नाहीशी होते आणि नवख्याला आपला मोबाईलच बिघडल्याची शंका येते. निर्वाणाच्या वाटेने येणाऱ्याने पिक्सीजचा 1989 चा 'डूलिटल' गाठावा. कडव्यात दबा धरून बसायचे आणि धृपदात एकदम अंगावर यायचे, ही युक्ती त्यांची. आपण तीच उचलली असे खुद्द निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने सांगून ठेवले आहे. हे सगळे मी लिहिले होते आणि 'क्रम महत्त्वाचा' या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या होत्या. तर्रीचे तांबडे तेल नेमके त्या रेघांवरून 'डूलिटल'कडे सरकत होते.

नागपुरात पोह्यांच्या टपरीवर खाजगी बोलणे नावाची गोष्ट नसते, हे मी जाणून आहे. तुम्ही भावाशी वाटणीबद्दल बोला नाहीतर डॉक्टरच्या रिपोर्टबद्दल, शेजारच्या स्टुलावरून "असं नका करू बाप्पा" असा सल्ला येतोच. पण या काकांची तयारी वेगळीच होती. निवृत्तीनंतर ते आपल्या समाजाचे वधू-वर सूचक मंडळ चालवतात. कोणाला तरी काहीतरी सुचवले जात आहे एवढे कानावर पडताच त्यांच्यातला कार्यकर्ता जागा झाला. प्लेट बाजूला करून त्यांनी कागद तेलासकट उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका नावावर बोट ठेवले.

"हे पिक्सीज. मूळ गाव?"

"बॉस्टन. अमेरिका. 1986 पासून," मी म्हणालो. उत्तर द्यायची काही गरज नव्हती, पण ते विचारतच अशा अधिकाराने होते.

"एकत्र राह्यतात?"

"मधे 1993 ला फुटले. 2004 मध्ये पुन्हा एकत्र आले."

"फुटले कशापायी?"

इथे मी गप्प बसायला हवे होते, परंतु माहिती असली की ती सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. मुख्य गायकाने आधी रेडिओवरच्या मुलाखतीत बँड संपल्याचे जाहीर केले आणि बास वाजवणारीला व ड्रमवाल्याला ते फॅक्सने कळवले, असे मी सांगून टाकले. काकांनी चमचा खाली ठेवला. "फॅक्सवर सोडचिठ्ठी देनारं घर तुम्ही आपल्या भाच्याला दाखवून राह्यले?"

भाचा हसला. हे हसणे मी लक्षात ठेवले आहे.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनची तपासणी त्याहून लवकर आटोपली. 1991 च्या 'लव्हलेस' या अल्बममध्ये गिटारच्या आवाजाचे थरावर थर चढवून धुक्यासारखी भिंत कशी उभी केली आहे, हे मी हातवारे करून सांगत होतो. काकांना फक्त पुढचा अल्बम कधी आला ते हवे होते. 2013 हे साल ऐकून त्यांनी "तवरिक खात काय होते?" एवढेच विचारले आणि बोट पुढे सरकवले. आर.ई.एम. त्यांना थोडे पटले. 1980 पासूनचे चौघे, त्यांतला ड्रमवाला 1997 मध्ये बाजूला झाला, उरलेल्या तिघांनी संसार रेटला आणि 2011 मध्ये न भांडता दुकान बंद केले. "हे खानदानी," काका म्हणाले, "पन आता बंद दुकानाचं का करायचं?"

मग रेडिओहेड आले. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या शाळेतले पाच विद्यार्थी, 1985 पासून एकत्र, त्यांत दोघे सख्खे भाऊ, आणि आजतागायत एकही गडी बदललेला नाही. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पाचही पोट्टे एका शाळेचे? चाळीस वर्सं झाली नं? मंग बाकीच्याईची नावं खोडा. बेटा, हे घे. डोळे मिटून घे."

आणि भाच्याने तिथल्या तिथे मोबाईलमध्ये रेडिओहेड टाईप केले! माझ्या यादीतले हेच नाव मी गेली कित्येक वर्षे दिवाळीत, लग्नांत, एकदा तर बारशातही त्याच्यासमोर घेतलेले आहे. त्यावर त्याचे ठरलेले उत्तर असे असे, की ऐकतो मामा, जरा स्लो आहे. दोन रंगांची पेने, क्रम, कारणमीमांसा हे सगळे एका बाजूला आणि एकही स्वर न ऐकलेल्या माणसाने दिलेले चारित्र्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या बाजूला.

खरे सांगायचे तर 'असंच अजून काहीतरी' मागणाऱ्याला अजून काही नकोच असते. त्याला तेच हवे असते, फक्त वेगळ्या पाकिटात. मोबाईलमधले अ‍ॅप ही सेवा बिनबोभाट पुरवते. एका कोल्डप्लेखाली कोल्डप्लेसारखे दहा जण उभे करते. कोणाच्या आधी कोण, कोणी कोणाकडून काय घेतले आणि का, हे सांगायला जो माणूस बसतो त्याला वीस सेकंदांत पुढे ढकलले जाते. आम्ही हे अल्बम मुंबईहून येणाऱ्या ओळखीच्यांकडून कॅसेटवर भरून आणवले आणि नावडते गाणेही पुढे सरकवण्याच्या कंटाळ्याने इतके ऐकले की ते आवडू लागले. ही तक्रार म्हातारपणाची वाटेल. वाटू द्या.

रात्री भाच्याचा मेसेज आला. त्याने सुरुवात थेट 'किड ए'पासून केली होती. "मामा, काकांचा बँड भारी आहे. गिटारच नाही, मस्त वाटतं. असंच अजून काही विचारायचं आहे, त्यांचा नंबर आहे का?"

नंबर आहे. निघताना काकांनी मंडळाचे कार्ड माझ्या खिशात सरकवले होते. मी तो दिलेला नाही आणि देणारही नाही.